रंगीत कपड्यांचा दिवस

"आपली नाहीत, साहेब. चाळीतली आहेत. गेटापाशी येऊन बसतात अशीच."

हे आमचे गुरुजी माझ्याबद्दल बोलले. मी चौथीत होते. चार वर्षं त्याच शाळेत, त्याच गुरुजींच्या हाताखाली. आम्ही बागेकडे निघायच्या आतच साहेबांची गाडी गेटातून आत आली होती आणि आम्ही तेरा मुलं पाण्याच्या टाकीमागे दडून उभी होतो. दडा म्हणून आम्हाला गुरुजींनीच सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. पळताना माझी एक चप्पल रस्त्यात राहिली, ती आणायला मी बाहेर आले आणि थेट साहेबांच्या पुढ्यात जाऊन पडले.

अंगात दिवाळीचा फ्रॉक. गुलाबी, छातीवर खोट्या मोत्यांची माळ शिवलेली. आईने आदल्या दिवशी धुतलेला. घरात इस्त्री नव्हती, म्हणून तांब्यात उकळतं पाणी भरून तो तांब्या फ्रॉकवरून फिरवलेला. केसांना इतकं तेल, की कपाळावर ओघळ आले होते.

साहेब वाकले. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी खिशातून पेपरमिंटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. माझ्या गालाला बोट लावलं. मग सरळ होत म्हणाले, "गोड आहे पोरगी. हिला पण घाला ना कुणीतरी शाळेत."

गुरुजी म्हणाले, "प्रयत्न चालू आहेत, साहेब."

मी गुरुजींच्या तोंडाकडे बघत होते. माझं नाव त्यांना माहीत होतं. माझा हजेरी क्रमांक एकवीस होता. सकाळी प्रार्थनेला पुढच्या रांगेत मी उभी असायची. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं आणि दारात आलेल्या कोंबडीला हुसकावतात तसा हात केला. "चल, पळ."

मी पळाले. गोळी तोंडात टाकली. खोटं कशाला बोलू, गोड लागली.

ती सहल होती. म्हणजे आम्ही तिला सहल म्हणायचो, गुरुजीही म्हणायचे. वर्षातून दोन-तीनदा वर्गात यादी वाचली जायची. "ही मुलं उद्या सहलीला. गणवेश घालायचा नाही. रंगीत कपडे घालून या." यादीत माझं नाव दुसरीपासून. डोकमर्डीच्या चाळींतली पोरं, अथालकडून चालत येणाऱ्या दोन-तीन वारली मुली, एक जरा तोतरा मुलगा. बाकीची मुलं वर्गात बसायची आणि आम्हाला शाळेचे शिपाई भीखुभाई दमणगंगेच्या काठी बागेत घेऊन जायचे. "चलो चलो, जल्दी, पछी तडको लागशे," म्हणत, ऊन चढायच्या आत पोचायला, पुढे चालायचे. बागेत चणे-शेंगदाणे मिळायचे, झोपाळा मिळायचा. दुपारी शाळा सुटायच्या वेळेला परत.

त्या दिवशी शाळेत तपासणी असते, हे आम्हाला माहीत नव्हतं. आमच्या आयांना तर नव्हतंच. आईला वाटायचं, पोरीचं नाव पुकारलं, म्हणजे पोरगी हुशार. ती कंपनीत पॅकिंगला होती. शेजारणींना सांगायची, हिला शाळेने पुन्हा निवडलं. ज्यांची मुलं निवडली जायची नाहीत त्या शेजारणी जळायच्या. एकीने तर आपल्या मुलाला मारलं होतं, तुझं नाव कसं कधी येत नाही म्हणून. त्या मुलाचं नाव यायचं नाही, कारण त्याला पाढे येत होते.

आम्ही साक्री तालुक्यातले. गावात आमची वस्ती वेशीबाहेर. बाप सिल्वासाला आला तो काम मिळतं म्हणून आणि इथे कुणी जात विचारत नाही म्हणून. ते खरंच होतं. इथे विचारायचे, कुठल्या कंपनीत? रूम कुठे? आणि तेवढ्यावर त्यांचं काम भागायचं. आमचे गुरुजी कोकणातले, राहायला टोकरखाड्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये. त्यांची मराठी ऐकत राहावी अशी. मला ती फार आवडायची. मी घरी आरशासमोर त्यांच्यासारखं "चला, बसून घ्या" म्हणून बघायचे.

माझं नाव यादीत गेलं त्याला कारणही हे बोलणंच. दुसरीत असताना एक साहेब वर्गात आले होते. त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, "बाळ, तुझे वडील काय करतात?" प्रश्न सोपा होता. मला उत्तर येत होतं. मी मोठ्याने म्हणाले, "मना बाप कंपनीमा जास."

घरी आम्ही असंच बोलायचो. खानदेशातली सगळी माणसं बोलतात. वर्ग हसला. साहेब हसले. "कंपनीमा! गुरुजी, ही मराठी शाळा आहे ना?" गुरुजींचे कान लाल झालेले मला अजून आठवतात. पुढच्या तपासणीला मी बागेत होते. झोपाळ्यावर उंच जाताना मला वाटत होतं, मी उत्तर बरोबर दिलं त्याचं हे बक्षीस.

टाकीमागचं ते मी आईला सांगितलं नाही. संध्याकाळी कंपनीतून आल्या आल्या तिने विचारलं, "मज्या वाटनी का?" मी हो म्हणाले. फ्रॉक तिनेच घडी करून पेटीत ठेवला, पुढच्या सहलीसाठी. तिला काय सांगणार होते मी?

पण तिला थोडं तरी कळलंच. वर्षअखेरीला बक्षीस समारंभ झाला. वर्षभरात एकही खाडा न करणाऱ्या मुलाला कंपासपेटी द्यायची, अशी शाळेत पद्धत होती. त्या पेटीवर माझा जून महिन्यापासून डोळा होता. ताप आला तरी मी गेले होते. कांजिण्यांचे डाग अंगावर घेऊन गेले होते, तेव्हा मला परत पाठवायच्या आधी हजेरी लागली की नाही ते विचारून मगच वर्गाबाहेर पडले. पेटी मिळाली एका ठेकेदाराच्या मुलीला. तिची आई पहिल्या रांगेत बसली होती.

दुसऱ्या दिवशी आई माझा हात धरून शाळेत आली. पहिली पाळी बुडवून आली. गुरुजी टेबलाशी बसले होते. आई दारातच थांबली. चप्पल बाहेर काढून.

"गुरुजी, मन्ही आंडेर रोज शायामा येस. एक दिन बी खाडा नही." आंडेर म्हणजे मुलगी. आई हात जोडून बोलत होती.

गुरुजी रागावले नाहीत. हसले. "अहो बाई, आधी जरा मराठी बोलायला शिका. तुम्ही असं बोलता, मग ही पण तसंच बोलते. आम्ही किती म्हणून डोकं फोडायचं?"

मग त्यांनी हजेरीपट काढला. पान उघडलं. माझ्या नावाच्या ओळीवर बोट ठेवून ते सरकवत नेलं. "हे बघा, गैरहजर. हे बघा, इथे गैरहजर. आणि हे इथे. आता मी काय करू? पटावर आहे ते आहे."

आई त्यांच्या बोटाकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. ती पानाकडे इतक्या आदराने बघत होती, जणू पानच तिला रागावत होतं. मला वाचता येत होतं. मी टेबलाच्या कडेला नाक टेकवून वाचलं. 'गै' लिहिलं होतं, लाल शाईने. वर तारीख होती. ती तारीख मी विसरणं शक्य नव्हतं. गुलाबी फ्रॉकची तारीख.

सहलीचा प्रत्येक दिवस तिथे लाल होता. मी बागेत होते, आणि पटावर नव्हते.

ज्या पोरीला काही येत नाही म्हणून लपवायची, तीच पोरगी तिथे उभी राहून गुरुजींचा पट वाचत होती. आणि गप्प होती. मला राग होता तो गुरुजींचा कमी आणि आईचा जास्त, हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं. ती अशी का बोलते, चप्पल बाहेर का काढते, हात का जोडते. वाटेत मी तिचा हात सोडवून घेतला. घरी आल्यावर तिने मला भाकरी वाढली आणि विचारलं, "तू कोणता दिन बुडायना वं?" कुठला दिवस बुडवलास? तिला वाटलं, मीच कुठे तरी हिंडायला गेले. मी मान खाली घालून जेवले.

त्या दिवसापासून मी घरची बोली सोडली. खरवडून काढली म्हटलं तरी चालेल. आई आपल्या भाषेत विचारायची, मी गुरुजींच्या भाषेत उत्तर द्यायचे. दहावी झाले, बारावी झाले. धुळ्याला मामाकडे राहून डी.एड. केलं. परत आले आणि पालिकेच्या शाळेत कंत्राटी शिक्षिका म्हणून लागले. अकरा महिन्यांचा करार, दरवर्षी नवा. शाळा तीच. इमारत मात्र नवी.

आता सांगायचं तर खरं सांगते, सुधारणा झाली. झाली नाही म्हणणारे शाळेत पाय ठेवत नाहीत. फरशी आली. मुलींच्या संडासला दार आलं, दाराला कडी आली, नळाला पाणी आलं. आमच्या वेळी आम्ही दिवसभर पाणी न पिता बसायचो. दुपारचं जेवण गरम असतं. लांबच्या मुलींना सायकली मिळतात. प्रत्येक वर्गात मोठा पडदा आहे, त्यावर चित्रं हलतात. हजेरी आता टॅबवर लागते. मूल हजर असेल तर नावापुढे हिरवा ठिपका, नसेल तर लाल. हे सगळं मिळवण्यासाठी कुणी तरी सरकारी उंबरठे झिजवले असतील, त्यांना माझा नमस्कार. चेष्टा नाही करत.

आणि तपासणीच्या दिवशीची सहल? तिचीही सुधारणा झाली. ती आता 'निसर्ग भेट' झाली. तिला बॅनर मिळाला. भीखुभाई निवृत्त झाले, आता टेम्पो येतो. बागेत बॅनर धरून मुलांचा फोटो काढतात आणि शाळेच्या ग्रुपवर टाकतात. फक्त फोटोवरची तारीख एक दिवस पुढची असते. कपडे अजून रंगीतच.

आमच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. मुंबईकडच्या. आवाज गोड, साडी कायम कडक. पहिल्या वर्षी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला. "अगं, तू तरी समजूतदार आहेस. तुझ्या वर्गातली मागे पडलेली मुलं काढून दे. सोळा-सतरा. तपासणी हजर मुलांची होते. गैरहजर मुलांचे गुण धरत नाहीत. शाळेला 'अ' श्रेणी राहिली पाहिजे."

मला काय म्हणायचं होतं? मला सगळं माहीत होतं. त्या केबिनमध्ये माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी चहा प्यायले आणि यादी करून दिली.

दुसऱ्या वर्षीही दिली. त्या वर्षी तर मागायच्या आधी दिली.

आता मला कुणी म्हणेल, करार होता, आईचे गुडघे गेले होते, बाप नव्हता राहिलेला. हो, होतं ते सगळं. पण यादी करताना माझा हात थरथरला, असं काही मी सांगणार नाही, कारण थरथरला नाही. अक्षर सुंदर आलं होतं. मोठ्या बाई म्हणाल्याही तसं. मला बरं वाटलं. गुरुजींच्या जागेवर बसल्यावर तिथून कसं दिसतं, ते मला तेव्हा कळलं. तिथून मुलं दिसत नाहीत. सोळा-सतरा दिसतात.

तिसऱ्या वर्षीही यादी दिली, आणि मग रोशनी आली.

म्हणजे माझ्या वर्गात ती पहिल्या वर्षापासून होतीच, वर्ग माझ्याबरोबरच वर चढत आला होता. चौथीत. दुसरीपासून यादीत. बाप आणि आई दोघंही कंपनीत, नंदुरबारकडचे. ती वर्गात तोंड उघडत नसे. पुस्तक समोर धरलं की दोन शब्द वाचायची आणि तिसऱ्यापाशी थांबायची, वाट बघितल्यासारखी. मी पुढच्या मुलाकडे वळायचे. अडतीस मुलं होती, मी एकटी होते.

तपासणीच्या आदल्या दिवशी शाळा सुटली आणि गेटापाशी एक बाई उभी दिसली. अंगात कंपनीचा निळा एप्रन, हातात एक डबा. मला बघून पुढे आली आणि वाकून पाया पडायला लागली. मी मागे सरकले.

"मी रोशनीनी माय," ती म्हणाली. "बाई, तुमनामुये मन्ही आंडेरना नंबर लागना. तीन सालपासून दर साली सहलमा नंबर लागस तिना." डबा पुढे केला. त्यात लाडू होते, शेंगदाण्याचे. पिशवीतून तिने एक फ्रॉकही काढून दाखवला. पिवळा, चमकीचा. शेजारणीकडची इस्त्री मागून आणली होती, आता घरी जाऊन करायची होती. "हाऊच घालू ना?" म्हणाली. हाच घालू ना?

मी तो फ्रॉक हातात घेतला. बाहीला अजून दुकानाची चिठ्ठी होती.

वीस वर्षांत मला असं कधी झालं नव्हतं. मला त्या बाईला मारावंसं वाटलं, आभार काय मानतेस म्हणून. मग मला माझी आई दिसली, पेटीत फ्रॉक ठेवणारी. मग मीच दिसले, सुंदर अक्षरात यादी करणारी. त्या बाईच्या पोरीला मी तीन वर्षांतली दोन वर्षं पुसून टाकली होती, आणि ती मला लाडू घेऊन आली होती.

माझ्या तोंडातून जे निघालं ते गुरुजींच्या मराठीत नव्हतं. "ताई, ती सहल नही शे," मी म्हणाले. "सकाय तिले युनिफॉर्मच घालीसन धाडा." उद्या तिला गणवेशातच पाठवा.

ती बघतच राहिली. मी काय बोलते यापेक्षा मी कशी बोलते याकडेच तिचं लक्ष होतं. "बाई, तुम्ही आपलाच का?" तिने विचारलं. तुम्ही आपल्यातल्याच का? दोन वर्षं त्या शाळेत मला हे कुणी विचारलं नव्हतं, कारण मी तशी सोयच ठेवली नव्हती. मी हो म्हणाले.

मग तिला सगळं सांगितलं. गेटापाशी उभं राहून, एकेक करून. तपासणी म्हणजे काय. लाल ठिपका म्हणजे काय. आणि यादी मीच करते, हेही. तिने ऐकून घेतलं. डब्याचं झाकण लावलं आणि डबा परत पिशवीत ठेवला. तिने तो ठेवला हे बरं केलं.

त्या संध्याकाळी मी डोकमर्डीच्या चाळींतून फिरले. सतरा घरं. दोन घरांना कुलूप होतं, त्यांना शेजाऱ्यांकडे निरोप ठेवला. एक बाप म्हणाला, "मॅडम, पोरगा खूश आहे ना बागेत, जाऊ द्या की." एकीने विचारलं, साहेब रागावून नाव काढून टाकतील का? मी म्हणाले, नाव काढायचं असेल तर माझं काढतील. असं म्हणताना मला भीती वाटत होती, ती मी त्यांना दाखवली नाही.

दुसऱ्या दिवशी पंधरा मुलं गणवेशात आली. दोन रंगीत कपड्यांत, निरोप पोचला नसावा. टेम्पो बाहेर उभा होता. मोठ्या बाई व्हरांड्यात आल्या आणि त्यांचं तोंड उतरलं.

"हे काय आहे?"

"मुलं आहेत, बाई. माझ्या वर्गातली."

"टेम्पोत बसवा त्यांना. लगेच." त्या मला कायम 'अगं' म्हणायच्या. आता 'तुम्ही'वर आल्या. "तुमचा करार एप्रिलमध्ये संपतो, लक्षात आहे ना?"

"आहे."

"मग?"

मी वर्गात गेले. टॅब घेतला आणि हजेरी घ्यायला लागले. मोठ्याने, एकेक नाव. अडतीस नावं, अडतीस ठिपके, सगळे हिरवे. रंगीत कपड्यांतल्या दोघांनाही हिरवे. रोशनीचं नाव घेतलं तेव्हा ती उभीच राहिली. तपासणीच्या दिवशी आपलं नाव घेतात, हे तिला माहीत नव्हतं.

साहेब आले. आता तरुण साहेब येतात, हातात फाइल नसते, मोबाइल असतो. सोबत पालिकेच्या शिक्षण समितीचे एक सभासद होते. आणि तपासणीत असतं तसंच झालं. साहेबांनी बोट केलं ते शेवटच्या बाकाकडे. रोशनीकडे.

"हं, वाच बेटा. पहिला परिच्छेद."

मला वाटलं होतं, आज ती वाचेल. वेडी आशा म्हणतात ती हीच. रोशनीने दोन शब्द वाचले आणि तिसऱ्यापाशी थांबली. वाट बघायला लागली. वर्गात कुणी तरी हसलं. तिने पुस्तक तोंडासमोर आणलं.

साहेब मोबाइलवर काही तरी टिपायला लागले. मोठ्या बाई पटकन पुढे झाल्या. "साहेब, ही आपली नाहीत तशी. मायग्रंट आहेत. आज येतात, उद्या जातात. आज कशी कोण जाणे—"

ते दोन शब्द. ज्यांनी मला टाकीमागून उचलून गेटाबाहेर फेकलं होतं, तेच. वीस वर्षांत इमारत पाडून नवी बांधली, पण हे शब्द कुणी पाडले नव्हते.

"आपली आहेत, साहेब," मी म्हणाले. माझा आवाज फार चढला होता, मुलं दचकली. "पटावर आहेत. रोशनी पहिलीपासून याच शाळेत आहे. तिला वाचता येत नाही. दुसरीपासून दर तपासणीला ती बागेत असते, गेली दोन्ही वर्षं मी स्वतः पाठवलं तिला. यादी माझ्या अक्षरात आहे, हवी तर दाखवते. ज्या शाळेत कच्ची मुलं जास्त, तिथे पालिका जादा शिक्षिका देते. आम्हाला कधी मिळाली नाही, कारण आमच्याकडे कागदावर एकही मूल कच्चं नाही. सगळी कच्ची मुलं गैरहजर असतात."

समितीचे सभासद पडद्याकडे बघत होते, त्यावर एक फुलपाखरू हलत होतं. साहेब म्हणाले, "मॅडम, हे सगळं मुलांसमोर बोलायची गरज होती का?"

"हो," मी म्हणाले. "त्यांच्यासमोरच होत आलंय हे सगळं."

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात सुख नाही. शाळेची श्रेणी 'अ'वरून 'क'वर आली. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. एक सहकारी, चांगला माणूस, मला जिन्यात गाठून म्हणाला, "शाळेचं नाव घालवलंत तुम्ही. करायचं होतं तर आतल्या आत करायचं." जादा शिक्षिका अजून आलेली नाही. प्रस्ताव वर गेला आहे म्हणतात. कागदावर पहिल्यांदा सतरा कच्ची मुलं दिसताहेत, एवढं मात्र झालं. त्यासाठी त्या लहान मुलीला सगळ्यांसमोर अडखळावं लागलं, हे मी विसरत नाही. तिला त्या दिवशी तयारीविना उभं केलं ते साहेबांनी नव्हे, मीच. आता मी शाळा सुटल्यावर तिला रोज थांबवून घेते. परवा ती तिसऱ्या शब्दावर थांबली नाही. सहाव्यावर थांबली. तिची आई अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. बरोबर आहे तिचं.

गेल्या आठवड्यात मला नोटीस आली. वरिष्ठांची परवानगी न घेता नियोजित उपक्रमात अडथळा आणला, हजेरीत परस्पर नोंदी केल्या, शाळेची प्रतिमा मलिन केली. तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा. मोठ्या बाईंनी पुन्हा चहा मागवला आणि पुन्हा 'अगं'वर आल्या. "अगं, दोन ओळी लिही. नजरचुकीने हजेरी लागली, दिलगीर आहे. सतरा नावं गैरहजर करून देऊ टॅबवर, होतं ते. श्रेणी परत मिळेल, तुझा करारही होईल."

मी चहा तसाच ठेवून उठले.

घरी येऊन आईला नोटीस वाचून दाखवली. तिच्या भाषेत सांगितली. आता मी घरी तसंच बोलते, जीभ अडखळते पण बोलते. आणि मग मी तिला तेही सांगितलं, जे चौथीपासून सांगितलं नव्हतं. कोणता दिवस बुडवला होता ते. फ्रॉकचा. टाकीमागचा. पेपरमिंटच्या गोळीचा. ती बराच वेळ आपल्या गुडघ्यावरून हात फिरवत राहिली. रडली नाही. मग म्हणाली, "मंग मी त्याले हात जोडात." म्हणजे अशा माणसाला मी हात जोडले. एवढंच. पण ते तिने ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मग तिने मला कागद आणायला सांगितला.

खुलासा मी लिहिला आहे. उद्या देणार. सुंदर अक्षरात लिहिलाय, ते अक्षर एकदाचं कामी येऊ दे. एकच ओळ आहे: 'मुले हजर होती, म्हणून मी ती हजर लिहिली.' त्यात दिलगिरी नाही. करार झाला तर पुढच्या तपासणीलाही अडतीस नावं वाचणार. नाही झाला तर त्या दिवशी सतरा मुलांना गणवेशात घेऊन गेटापाशी येणार, आणि साहेबांची गाडी आली की तिथे उभी राहून त्यांची हजेरी घेणार. टाकीमागे मी आता जाणार नाही, आणि माझ्या वर्गातल्या कुणाला जाऊ देणार नाही.